वीस ते वीस हजार

स्वस्त इअरफोनच्या खोक्यावर जे वाङ्मय छापलेले असते, त्यात एकच ओळ अशी आहे की जी किमतीने, रंगाने, वायर असण्या-नसण्याने किंवा विक्रेत्याच्या विवेकाने कधीही बदलत नाही, आणि ती म्हणजे ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स : २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ’. स्टेशनच्या जिन्याखाली दोरीला लटकणाऱ्या ९९ रुपयांच्या वस्तूवर ती असते आणि काचेच्या कपाटात मखमलीवर निजवलेल्या वीस हजारांच्या वस्तूवरही ती असते. वारी सोडली तर एवढी समता महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

हर्ट्झ हे कंपनसंख्येचे एकक असून एका सेकंदात झालेले एक पूर्ण कंपन म्हणजे एक हर्ट्झ होय; कंपने थोडी असली की सूर खर्जात उतरतो आणि वाढत गेली की तारसप्तकाकडे चढतो, एवढे ज्ञान पुढील विवेचनास पुरेसे आहे. आता तरुण आणि धडधाकट माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातले ध्वनी ऐकू येतात, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते, आणि खोक्यावरचे आकडेही तेच आहेत, हा योगायोग अभ्यासकाने नजरेआड करू नये. त्याचा अर्थ असा की ही ओळ यंत्राचे वर्णन करीतच नाही. ती गिऱ्हाइकाच्या कानाचे वर्णन करते. जो कान गिऱ्हाईक घरूनच घेऊन आले आहे, त्याचेच माप त्याला खोक्यावर छापून दाखवायचे आणि वर पैसे घ्यायचे, हा व्यवहार वडापावच्या गाडीवर ‘बत्तीस दातांनी चावता येतो’ अशी पाटी लावण्यासारखा आहे : विधान खोटे नाही, पण त्यावरून वड्यात बटाटा किती आणि बेसन किती हे कळत नाही, आणि ज्याच्या अक्कलदाढा काढल्या आहेत त्याला मात्र उगाच कमीपणा वाटतो.

या ओळीत जे छापलेले नाही, ते अधिक महत्त्वाचे आहे. कोणतेही ध्वनियंत्र सगळे सूर सारख्या जोराने वाजवत नाही. म्हणून प्रामाणिक मोजमापात पट्ट्यासोबत त्यातला चढउतारही दिलेला असतो, जसे की अधिक-उणे ३ डेसिबल. डेसिबल म्हणजे ध्वनीच्या जोराची तुलना करण्याचे माप, आणि त्यात ३ ने उतरणे म्हणजे ध्वनिशक्ती निम्मी होणे, १० ने उतरणे म्हणजे दहावा हिस्सा उरणे, ३० ने उतरणे म्हणजे हजारावा हिस्सा उरणे. चढउतार न सांगता नुसता पट्टा सांगायचा ठरवला, तर ज्या टोकाला शक्तीचा हजारावा हिस्सा उरला आहे तेही टोक हक्काने पट्ट्यात बसते आणि विधानाला कोणी खोटे म्हणू शकत नाही. स्थळ घेऊन आलेल्यांना ‘मुलगा दहावीपर्यंत शिकला’ असे सांगायचे आणि गुणपत्रिका कपाटात ठेवायची, तसाच हा प्रकार आहे. मुलगा दहावीपर्यंत गेला होता हे खरेच असते, तो तिथे तीन वेळा गेला होता हे लग्नानंतर कळते.

तरीही औदार्याने हा पट्टा खरा धरला, तर त्याच्या दोन्ही टोकांना नेमके काय आहे याचा शोध घेणे क्रमप्राप्त ठरते. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झला बोलते, म्हणजे २० हर्ट्झपर्यंत पियानोसुद्धा पोहोचत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, त्याच्या मागच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला लावलेली असते, आणि त्याखाली फार तर डग्ग्याची घुमक आणि मग थेट सतरंजी. शिवाय २० हर्ट्झचा शुद्ध सूर कानाला नुसता जाणवण्यासाठीच ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास जोर लागतो. म्हणजे या टोकाला बोलणाराही नाही, ऐकणाराही नाही, केवळ पाटी आहे.

वरच्या टोकाची कथा अधिक करुण आहे. पियानोची शेवटची पट्टी सुमारे ४,१८६ हर्ट्झला संपते. त्याच्या वर असतात ते उपसूर, म्हणजे मूळ सुरासोबत त्याच्या पटीत उमटणारी बारीक कंपने, ज्यांच्यामुळे सतार सतारीसारखी आणि व्हायोलिन व्हायोलिनसारखे वाजते. हे उपसूर मोलाचे खरेच. पण १२८ किलोबिटच्या एमपीथ्री फायलीत १६,००० हर्ट्झच्या वरचा माल सहसा आधीच कापलेला असतो, आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या कानाने १५,००० च्या वरचा व्यवहार केव्हाच आटोपता घेतलेला असतो. अशा रीतीने सर्वांत वरच्या मजल्यावर फाईल काही पाठवत नाही, कान काही घेत नाही, आणि मधला इअरफोन मात्र तिथे दिवा लावून बसल्याचा दावा करतो. मध्यम लहरींच्या रेडिओवर जेमतेम ५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मिळत असे. तेवढ्यात एका पिढीने नाट्यसंगीत ऐकले, घराण्यांवरून भांडणे केली आणि प्रसंगी डोळेही पुसले. त्या पिढीला उरलेल्या १५,००० हर्ट्झची भरपाई कोणी दिल्याची नोंद नाही.

बिनतारी इअरफोनच्या बाबतीत तर खोक्यावरची ओळ दिवसातून अनेकदा आपोआप रद्द होते. ब्लूटूथवर गाणे ऐकताना आवाज एकाच दिशेने येत असतो, पण फोन आला की त्याच अरुंद वाटेने माइकचा आवाज परत न्यावा लागतो. त्यामुळे यंत्र संभाषणाच्या पद्धतीवर जाते. तिच्या जुन्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे ८,००० आणि नंतरच्या प्रकारात १६,००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून वरचा सूर पोहोचवता येत नाही असा गणिताचाच नियम असल्याने पट्टा ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या आत येऊन थांबतो. वीस हजारांचा हा मालक आईचा फोन येताच असा चार हजारांवर उतरतो, आणि ‘अरे, विहिरीतनं बोलतोयस का?’ ही मातोश्रींची पृच्छा हे या क्षेत्रातले एकमेव निःपक्ष मोजमाप ठरते.

मग ९९ रुपयांत डग्गा ऐकू येतो तो कसा, असा प्रश्न विचक्षण वाचक विचारील. त्याचे उत्तर असे की मूळ खालचा सूर गायब असला, तरी त्याचे उपसूर ऐकून मेंदू तो मूळ सूर मनाने भरून काढतो. ध्वनिशास्त्राला ही जाणीव चांगली परिचित असून लुप्त मूलस्वर असे तिचे वर्णन करता येईल. थोडक्यात, खालच्या मजल्यावरचे काम यंत्र करीत नाही, गिऱ्हाइकाचा मेंदू करतो, तोही बिनपगारी, आणि आपल्याच मेंदूने वाजवलेला डग्गा ऐकून गिऱ्हाईक ‘बास झकास आहे’ अशी पावती यंत्राला देते. ज्या यंत्रांत बास खरोखरच वाढवलेला असतो, त्यांची तऱ्हा निराळी. मोठ्या जोराचे खालचे सूर वरच्या सुरांना झाकून टाकतात, याला आच्छादन म्हणतात. त्यामुळे ‘एक्स्ट्रा बास’ असे छापलेल्या इअरफोनात ढोल दारात येऊन उभा राहतो आणि गायक गोधडीत शिरून गातो.

खरेदीच्या वेळी होणारी परीक्षा याच गोधडीवर बेतलेली असते. विक्रेता चेकिंगचा, सकाळपासून कित्येक कानांत जाऊन आलेला जोड काढतो, पिन स्वतःच्या तडा गेलेल्या फोनला लावतो, वरातीत वाजणारे गाणे शेवटच्या काडीपर्यंत आवाज चढवून सुरू करतो आणि इअरफोन पुढे करतो. ‘ऐका काका, बास बघा, कान थरथरतो का नाही?’ काका तो कानात न घालता कानापासून बोटभर अंतरावर धरतात, कारण आधीच्या कानांचा इतिहास त्यांना दिसत असतो. ‘गाणाऱ्याचा आवाज दबल्यासारखा वाटतोय हो.’ ‘या किमतीत आणखी काय पाहिजे, काका?’ काका मान डोलावतात आणि खिशात हात घालतात.

वास्तविक काकांनी ज्या बोटभर अंतरावर इअरफोन धरला, त्या बोटभर फटीतच या विषयाचे सगळे शास्त्र आहे. २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी सुमारे १७ मीटर भरते. एवढी लहर वाटाण्याएवढ्या यंत्राला मोकळ्या हवेत उठवणे शक्य नाही, आणि त्याला ते करावेही लागत नाही, कारण कानाची जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी तोंडाशी घट्ट बंद केली की आतल्या चिमूटभर हवेला मागे-पुढे दाबणे एवढेच काम उरते. नळीचे तोंड जरासे उघडे राहिले की दाब निसटतो आणि त्यासोबत सगळा खर्ज बाहेर पडतो. म्हणून खोक्यात तीन मापांच्या रबरी टोप्या दिलेल्या असतात. या टोप्या म्हणजे त्या खोक्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा माल. योग्य टोपी बसली तर मध्यम यंत्र चांगले वाजते आणि अयोग्य बसली तर उत्तम यंत्रही पत्र्याच्या डब्यासारखे वाजते. पण इअरफोन मधल्या मापाची टोपी घालून जन्माला येतो आणि मधल्याच मापात त्याचे आयुष्य जाते. उरलेल्या दोन मापांची ती नखाएवढी पिशवी घरातल्या त्या खणात जाते, जिथे सिम काढायची पिन, बंद पडलेल्या घड्याळाचा पट्टा आणि कोणत्याही कुलपाला न लागणारी किल्ली पूर्वीपासून वास्तव्यास असतात. टोपी घट्ट बसली पाहिजे, एवढे एक वाक्य खोक्यावर ठळक छापले असते तर त्याने वीस हजार हर्ट्झहून अधिक उपकार झाले असते. पण त्या वाक्याच्या जागी ती ओळ आहे.

इथे महागड्या वस्तूंच्या मालकांनी हसू नये. २०१७ साली ध्वनिशास्त्राच्या एका संशोधनपत्रिकेत २८३ हेडफोनांच्या मोजमापांवर आधारलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि कोणता सूर किती जोराने वाजतो या बाबतीतले त्यांचे वर्तन आणि त्यांची किंमत यांत परस्परसंबंध आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. यात नवल नाही. पातळ पडदा, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे आणि चिमुकले चुंबक, एवढ्यानेच आवाजाचा ड्रायव्हर बनतो, आणि हा ऐवज आज फारसा महाग राहिलेला नाही. महाग आहे ते त्याच्यासमोर बसून कोणीतरी ऐकणे, मोजणे, आणि पडद्यामागचे छिद्र किती ठेवायचे हे ठरवणे. ज्यांनी ते कष्ट घेतले त्यांचे थोड्या पैशांतले इअरफोनही कान तृप्त करतात, हे अनेकांनी अनुभवले आहे, आणि नेमक्या याच कारणाने ‘या किमतीत’ ही सबब ऐकून घेण्याचे काही कारण उरत नाही. तरी ती ऐकून घेतली जाते, नव्हे, आरतीसारखी म्हटली जाते. तिसऱ्या महिन्यात वायर पिनेपाशी तुटते, या किमतीत. चौथ्या महिन्यात डावा कान मुका होतो, या किमतीत. मिसळीत मटकी मोजून येते, या किमतीत. सोसायटीचा नवा रंग पहिल्या पावसात ओघळतो, या किमतीत. पोराच्या वहीची पाने पहिल्या चाचणीआधी सुटतात, या किमतीत. आणि छापील किंमत ४,९९० वर काट मारून ५९९ ला दिलेली वस्तू पाहून माणूस हिशेब करतो की ४,३९१ रुपये वाचले, जणू ते कोणी त्याच्या खात्यात भरले आहेत. संताप याचा की ही सबब विक्रेत्याला फार वेळ सांगावीच लागत नाही. दुकानातून घरी येईपर्यंत ती गिऱ्हाइकाला पाठ झालेली असते, आणि घरच्यांनी नाक मुरडले की तेच पुढे होऊन ती म्हणते. फसवणाऱ्याचे वकीलपत्र फसलेल्याने घ्यायचे आणि फीही पदरची भरायची, हा कुठला न्याय? ९९ रुपयांत चांगला आवाज देता येत नसेल, तर देऊ नये. कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण त्याच ९९ रुपयांत खरी ओळ छापता येते, कारण शाई खोट्याला काही कमी लागत नाही!

उरतो तो परिणाम. टोपी सैल असली की लोकलचा गलका कानात शिरतो, गलका बुडवण्यासाठी आवाज चढवला जातो, आणि वर्षानुवर्षे चढवलेल्या आवाजाने कानाच्या आतल्या केसपेशी, म्हणजे कंपनांची वर्दी मेंदूला देणाऱ्या नाजूक पेशी, मरत जातात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही झीज बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसू लागते, आणि मग समोरच्याच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ पुसट होऊन ‘काय म्हणालात?’ हे पालुपद सुरू होते. या कारणास्तव गिऱ्हाइकाने खोके रद्दीत टाकू नये, अशी शिफारस करावीशी वाटते. वायर जाते, डावा कान जातो, टोप्या खणात राहतात. पण खोक्यावर गिऱ्हाइकाच्या एकेकाळच्या धडधाकट कानाचे माप अचूक छापलेले आहे, आणि पुढे कानाच्या डॉक्टरांनी ‘पूर्वी कितपत ऐकू यायचं?’ असे विचारले, तर दाखवायला घरात दुसरा कागद नसतो.