भाऊसाहेबांचे प्रलंबित प्रकरण

तालुक्याच्या गावी प्रतिष्ठेचे दोन प्रकार आढळतात. ज्याच्या दारी वस्तू आहे त्याला मिळणारी प्रतिष्ठा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु वस्तू घेण्याची ऐपत निर्विवाद असून ती केवळ विचाराच्या परिपक्वतेसाठी अडून राहिली आहे अशी ज्याची पंचक्रोशीत ख्याती असते, त्या गृहस्थाची प्रतिष्ठा अधिक टिकाऊ असते, कारण वस्तूचे टायर झिजतात आणि विचाराचे झिजत नाहीत. मंगरूळपीरचे भाऊसाहेब हे या दुसऱ्या वर्गातले. हे कोणा एका व्यक्तीचे नाव समजू नये. कारंज्यात, मानोऱ्यात, रिसोडात हेच गृहस्थ निरनिराळ्या आडनावांनी नांदत आहेत, आणि प्रस्तुत लेख त्यांच्या वाचनात आला तर आपल्या शेजाऱ्याचे हे किती हुबेहूब वर्णन आहे म्हणून ते मनसोक्त हसतील याविषयी मला शंका नाही.

भाऊसाहेबांना थार घ्यायची आहे. गाडी कोणती, हा वाद नाही. रंगही काळा ठरलेला आहे, आणि मागच्या काचेवर कोणत्या दैवताचे नाव लिहावयाचे यावर घरात एकमत आहे. वाद आहे तो इंजिनाचा. नाशिकच्या कारखान्यातून ही गाडी ऑक्टोबर 2020 मध्ये नव्या रूपात बाजारात आली तेव्हा तिच्यात डिझेलचे एकच इंजिन होते, 2184 घनसेंटिमीटरचे, चारही चाकांना गती देणारे. आणि पर्याय नसल्यामुळे भाऊसाहेबांचा निश्चयही त्या काळी पाषाणासारखा दृढ होता. परंतु प्रतीक्षायादी लांब होती, आणि ती ओसरेपर्यंत, म्हणजे जानेवारी 2023 मध्ये, कंपनीने 1497 घनसेंटिमीटरच्या लहान इंजिनाची, केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारी, किमतीने बरीच उतरती अशी दुसरी थार आणून भाऊसाहेबांच्या आयुष्यातला तो सुखाचा काळ कायमचा संपुष्टात आणला. त्या महिन्यापासून 'पंधराशे विरुद्ध बावीसशे' हे प्रकरण त्यांच्या इजलासापुढे प्रलंबित आहे.

इजलास भरतो तो सकाळी साडेनऊच्या सुमारास, बसस्थानकासमोरच्या चहाच्या दुकानात. भाऊसाहेब लाल कापडात बांधलेला एक बस्ता घेऊन येतात, तो बाकावर ठेवतात, गाठ सोडतात, आणि पहिला कट चहा येईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. बस्त्यात दोन्ही गाड्यांची पत्रके आहेत. अकोल्याच्या शोरूमने वेळोवेळी दिलेली आणि वेळोवेळी मुदत संपलेली कोटेशने आहेत. आणि बाजार समितीतल्या सोयाबीनच्या हिशेबपट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात, हप्त्यांची गणिते मांडलेली आहेत. या पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या तर एका बाजूला भाऊसाहेबांचे उत्पन्न दिसते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे मनोरथ दिसतात, आणि दोहोंतील तफावत पाहून त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने बस्ता केव्हाच चुलीत घातला असता.

त्यांचा युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा असतो. पंधराशेच्या बाजूने ते जेव्हा उभे राहतात तेव्हा म्हणतात की, अश्वशक्ती 117 असो की 130 असो, पिळाची शक्ती, जिला पत्रकात न्यूटन-मीटर म्हटले आहे, ती दोन्ही इंजिनांची 300 म्हणजे 300 च आहे. हे न्यूटन-मीटर म्हणजे काय हे ते पदरमोड करून समजावतात: एक मीटर लांबीचा पाना नटाला लावावा, त्याच्या टोकाला सुमारे तीस किलोचे, म्हणजे सोयाबीनच्या अर्ध्या पोत्याचे वजन लटकवावे, आणि नटावर जो पीळ बसेल तो 300. हवा दाबून आत भरणारा टर्बो असल्यावर लहान सिलिंडरही मोठ्याचे काम करतो. "मंग सांगा," ते बाकावर हात आपटून विचारतात, "पीळ सारखाच हाये त तेरा घोड्यांसाठी एवढे पैसे कायले द्याचे?" यावर एकदा कोणी भाबड्याने विचारले की बैलांच्या हिशेबाने हे तेरा घोडे किती भरतील. भाऊसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले आणि सांगितले, "वळू धरला त कमी, गोऱ्हा धरला त जास्त." जेम्स वॉटने अठराव्या शतकात घोड्याचे माप ठरवताना गोऱ्ह्याचा विचार केला नव्हता, ही त्याच्या पद्धतीतील उणीव त्या दिवशी मंगरूळपीरला प्रथमच उघडकीस आली.

दुसऱ्या दिवशी तेच भाऊसाहेब बावीसशेची वकिली करतात, आणि ती अधिक ओजस्वी असते, कारण तिच्यात मातीचा मुद्दा येतो. आपल्याकडची जमीन काळी, कापसाची; आषाढातल्या दोन सरी पडल्या की पांदणीतून जाणे म्हणजे चाकाला माती लागणे नसून मातीला चाक लागणे असते. अशा वेळी मागची दोन चाके जागच्या जागी फिरतात आणि स्वतःची कबर खणतात. पुढच्या चाकांनीही जोर लावला आणि धीम्या गतीचा तो आखूड दांडा मागे ओढला, तरच गाडी बाहेर येते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे विवेचन बिनचूक आहे. फक्त इतकेच नमूद केले पाहिजे की पावसाळ्यात भाऊसाहेबांच्या शेतावर सालदार जातो, तो बंडीने जातो, आणि गेल्या कित्येक आषाढांत भाऊसाहेबांनी पांदणीचे दर्शन घेतले असल्यास ते सालदाराच्या पायांवरूनच घेतले आहे.

मला विचाराल तर या दोन इंजिनांतला भेद आमच्या रस्त्यांनी केव्हाच निकालात काढलेला आहे. मंगरूळपीरहून कारंज्याला निघावे आणि समोर सोयाबीनने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली यावी, की पुढच्या साऱ्या वाहनांची गती त्या ट्रॅक्टरवाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. त्याच्या मागे पंधराशे, बावीसशे आणि सायकल यांची सारखीच संभावना होते. यावर भाऊसाहेब समृद्धी महामार्गाचा दाखला देतात. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला तेव्हापासून आमच्या तालुक्याला एक असा रस्ता लाभला आहे, ज्यावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे आणि मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. मात्र तेथे मोटारसायकलींनाही मज्जाव असल्यामुळे, आणि भाऊसाहेबांचे सध्याचे वाहन मोटारसायकल हेच असल्यामुळे, ते शेलूबाजारकडे जातात, महामार्गावरच्या पुलावर मोटारसायकल उभी करतात, आणि कठड्याला रेलून खालून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकतात. "बावीसशे," ते म्हणतात. पुढची गाडी येते. "पंधराशे." खरे-खोटे पडताळण्याचे साधन कोणाजवळही नसल्यामुळे त्यांचा एकही अंदाज आजवर चुकलेला नाही.

ही मोटारसायकल म्हणजे या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची नजीर होय. 2001 साली पुण्याच्या बजाज कंपनीने पल्सर आणली ती दीडशे आणि एकशे ऐंशी अशा दोन इंजिनांत, आणि त्या वेळी ऐन उमेदीत असलेल्या भाऊसाहेबांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. एकशे ऐंशीला बटणाने चालू होण्याची सोय होती आणि जोर अधिक होता. दीडशेला पेट्रोल कमी लागत होते. भाऊसाहेबांनी दोन्ही बाजू यथासांग ऐकून घेतल्या. पुढे 2003 मध्ये कंपनीने दोन्हींना एकाऐवजी दोन-दोन स्पार्क प्लग दिले, त्यामुळे फेरसुनावणी घ्यावी लागली. आणि अखेर, साक्षीपुरावे संपले असताना, त्यांनी शंभरच्या आसपास घनसेंटिमीटरची, वादात कधीही पक्षकार नसलेली एक स्प्लेंडर विकत घेतली. तीच आजतागायत चालू आहे.

इंजिन लहान की मोठे या प्रश्नाने ज्यांची झोप उडाली अशांत भाऊसाहेब एकटे नाहीत. सरकारेही या मोजमापावर फार पूर्वीपासून लक्ष ठेवून आहेत. इटलीत एके काळी दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर 38 टक्के कर होता, म्हणून फेरारीसारख्या, वेगासाठीच जन्मलेल्या कंपनीने 1975 मध्ये आपल्या तीन लिटरच्या गाडीला खास स्वदेशातील गिऱ्हाइकांसाठी दोन लिटरहून किंचित लहान इंजिन बसवून दिले. म्हणजे रोमच्या धनाढ्याने दिमाख फेरारीचा मिरवावा आणि कर मात्र सामान्य गृहस्थाचा भरावा. आमच्या थारचे लहान इंजिन 1497 घनसेंटिमीटरचेच का, याचे उत्तरही यंत्रशाळेपेक्षा करखात्यातच सापडते: चार मीटरच्या आतील डिझेल मोटार 1500 पर्यंत लहान समजली जाते, आणि कंपनीने तीन घनसेंटिमीटर हातचे राखून ती सीमा पाळली आहे. धुऱ्यापासून इतक्या कमी अंतरावर नांगर थांबवणारा शेतकरी वाशिम जिल्ह्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

धुऱ्याचा विषय निघालाच आहे, तेव्हा या प्रकरणातले जे मर्म चहाच्या दुकानात कोणी मोठ्याने बोलत नाही ते येथे सांगितले पाहिजे. भाऊसाहेबांचा आपल्या चुलतभावाशी धुऱ्यावरून दिवाणी दावा चालू आहे, आणि या चुलतभावाने, कसलाही बस्ता न बाळगता, एका दिवसात अकोल्याला जाऊन पंधराशेची पांढरी थार आणली. आता भाऊसाहेबांनी पंधराशे घ्यावी, तर भाऊबंदाची बरोबरी होते, आणि भाऊबंदकीत बरोबरी ही हारच मानली जाते. बावीसशे घ्यावी, तर वकीलसाहेबांची हरकत येते. कारण दाव्यात शपथेवर असे लिहून दिलेले आहे की वादग्रस्त पट्टी हेच अर्जदाराच्या उपजीविकेचे एकमेव साधन असून तिच्याअभावी कुटुंबाची उपासमार होत आहे. उपासमार होत असलेले कुटुंब चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीतून तारखेला हजर झाल्यास, प्रतिपक्ष त्या गाडीचा नंबर पुराव्यात दाखल करील, अशी रास्त भीती वकीलसाहेबांना वाटते. वहिनींना यातले काहीच मान्य नाही. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे आहे, "आधी घराले रंग द्या," आणि ते भाऊसाहेबांनी अप्रस्तुत म्हणून कामकाजातून वगळले आहे.

दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर चादर चढवून झाली, बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानात नारळ फोडून झाला. दोन्ही ठिकाणी भाऊसाहेबांनी गाडी मागितली नाही, फैसला सुचावा इतकेच मागितले. आणि दोन्ही ठिकाणांहून अद्याप उत्तर आले नाही यावरून प्रश्न किती बिकट आहे याविषयी त्यांची खात्री अधिकच पटली. अशात 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. लहान थारवरचा कर 31 टक्क्यांवरून 18 वर आला, मोठीवरचा उपकरासह 48 होता तो 40 झाला. दोन्ही गाड्या स्वस्त झाल्या, पण त्यांच्या करांतले अंतर 17 टक्क्यांचे होते ते 22 वर गेले. म्हणजे ज्या क्षणी सामान्य माणूस पैसे मोजायला निघाला, त्याच क्षणी भाऊसाहेबांच्या तराजूची दोन्ही पारडी नव्याने हलू लागली. बस्त्यातली सारी गणिते रद्दबातल ठरली. भाऊसाहेबांना मी इतके प्रसन्न त्यापूर्वी पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी दुकानात आले. पगार झाला होता, दसरा तोंडावर होता, आणि कोणती थार घ्यावी हे त्यांना विचारायचे होते. भाऊसाहेबांनी तीनच प्रश्न केले: शेती किती, पांदण केवढी, आणि घरातून विरोध कोणाचा. गुरुजींचे तिसरे उत्तर पुरे होण्याच्या आत, कट चहा अजून अर्धा शिल्लक असताना, त्यांनी निकाल दिला.

"पंधराशे घ्या गुरुजी, बिनधास्त. बावीसशे कायले पायजे तुमाले? शाळेत चिखल हाये का?"

गुरुजींनी दसऱ्याला पंधराशे घेतली. पेढे घेऊन ते दुकानात आले, भाऊसाहेबांना पुढच्या आसनावर बसवून बसस्थानकापासून अकोला रस्त्यावर एक फेरी मारून आणली, आणि उपकाराच्या भरात म्हणाले, "एवढी झकास चालते, भाऊसाहेब. मंग तुमीबी पंधराशेच घेऊन टाका ना आता."

भाऊसाहेबांनी पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. "तुमचं साधं होतं, गुरुजी," ते म्हणाले. "माह्या केसमंधी गुंतागुंत हाये." आणि समोरच्या खणातले गाडीचे माहितीपुस्तक काढून, नक्कल घेऊन परत करतो म्हणून, त्यांनी ते काखेत मारले.