चासी बघितलीत का?

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला हल्ली पाण्याआधी सतरंजी मिळते. बसायला नव्हे, आडवं व्हायला. अंगणात जीप उभी, जीपखाली सतरंजी, आणि बाजूला बॅटरी घेऊन उकिडवे बसलेले आमचे अण्णा. "आधी चासी बघून घ्या, चहा कुठे पळतोय!" सभ्य माणसं जरासं वाकून "वा, वा" म्हणतात. अण्णांना वाकणं चालत नाही. वाकून नुसते पाटे दिसतात, क्रॉस मेंबर दिसत नाहीत. आईचे मामा ऐंशीच्या पुढचे. त्यांना खाली सरकवणं सोपं गेलं, बाहेर काढायला मात्र शेजारचा गडी बोलवावा लागला. उठून बसल्यावर मामा म्हणाले, "छान आहे. पण आहे काय?" त्यांचा चष्मा ओटीवर राहिला होता.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी सरकारी जीपमधून कालवे आणि बंधारे बघण्यात गेली, पण कायम ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. स्टिअरिंगला हात लावायचा नाही असा नियम होता, आणि जगात जर कोणी कधी नियम पाळला असेल तर तो अण्णांनी. निवृत्तीनंतर लोक पुण्यात फ्लॅट घेतात. अण्णांनी चिपळूणच्या एका वखारीच्या मागे, फणसाखाली उभी असलेली जीप घेतली. महिंद्राची सीजे-थ्री-बी, नोंदणी १९७४ सालची.

या गाडीचं कुळ मोठं आहे. अमेरिकेत विलिज कंपनीने हे मॉडेल १९५३ साली काढलं आणि १९६८ साली बंद केलं. महिंद्रांनी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं ते इथे बनवलं. महायुद्धातल्या जीपपेक्षा हिचं बॉनेट चांगलंच उंच, कारण नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर, हेडमध्ये नेलेले. इंजिनाची उंची वाढली, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून त्यांनी सरळ बॉनेटच उचललं. ही हकीकत ऐकून आमच्या मेस्त्रींनी मान डोलावली. "बरोबरच आहे. आपल्याकडे कोणीतरी इंजिन कापलं असतं."

विकणाऱ्याने सांगितलं होतं की गाडी एकदम कोरडी आहे. चिपळुणात हे वाक्य धाडसाचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली, तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, आणि वखार काही डोंगरावर नाही. "पुरात नव्हती?" अण्णांनी विचारलं. "पूर आला होता, पण गाडी उभीच होती," तो म्हणाला. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मेस्त्रींनी गाडीखाली जाऊन हातोडीने चासी ठोकायला सुरुवात केली. जुना डॉक्टर छातीवर बोटं ठोकून ऐकतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. एके ठिकाणी टण्ण, दुसऱ्या ठिकाणी टण्ण, मग थप्प. थप्प म्हटलं की अण्णा डोळे मिटायचे. मागच्या पाट्यांच्या हॅंगरजवळ आवाजच आला नाही, हातोडी आत गेली. जीपची चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, दिसायला शिडी. काही ठिकाणी तुळईला आतून आणखी एक पट्टी लावून ती चारी बाजूंनी बंद केलेली असते. मजबुतीसाठी ते उत्तम. पण तिथे एकदा पाणी शिरलं की त्याला बाहेरची वाट आठवत नाही. ती बंद जागा मेस्त्रींनी उघडली तेव्हा आतून वाशिष्ठीचा गाळ निघाला, वाळून घट्ट झालेला, आणि त्यात एका खेकड्याची नांगी. "कोरडी आहे, हे मात्र खरं," आई म्हणाली.

गंजाचा एक गुण लोकांना ठाऊक नसतो. लोखंड गंजलं की ते नुसतं कमी होत नाही, आधी फुगतं. गंजाला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या मधे तो धरला की पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो, रिव्हेट उपटतो, बोल्ट जॅम करतो. बॉडी चासीवर ज्या बोल्टांनी बसते त्यांतला एकही पान्ह्याने हलला नाही. अण्णांनी कुठेतरी वाचलं की कोलात फॉस्फोरिक ॲसिड असतं आणि ते गंज सोडवतं. ॲसिड असतं, हे खरंच आहे. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी कोलाच्या मोठ्या बाटल्या यायच्या, नातवंडं आशेने बघायची आणि अण्णा त्या बोल्टांवर ओतायचे. बोल्ट ढिम्म. मुंग्या मात्र पंचक्रोशीतून आल्या. शेवटी मेस्त्रींनी गॅस कटर लावला आणि पाच मिनिटांत विषय संपवला.

बॉडी उतरली आणि पडवीत गेली. आईने जागा दिली ती "दिवाळीपर्यंत" या बोलीवर. कुठली दिवाळी हे कोणी विचारलं नाही, आणि आमच्या घरात लेखी काही नसतं. मधल्या काळात मागच्या सीटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली, तेव्हा तर बॉडी हलवण्याचा प्रश्नच मिटला.

इकडे उघड्या चासीवर ग्राइंडर आणि वायर ब्रश सुरू झाला. अंगणभर तांबडी धूळ. आमचं घर जांभ्याचं, अंगण जांभ्याचं, आणि आता चासीही त्याच रंगाची. यात दृष्टिभ्रम काही नाही. जांभ्याला तो रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि गंज म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच. डेट्रॉइटजवळच्या कोणा हुशार लोकांनी दगडातून मोठ्या मेहनतीने काढलेलं लोखंड कोकणच्या पावसाने पन्नास वर्षांत पुन्हा दगडाकडे रवाना केलं होतं. विलिजचा कारखाना खरं तर टोलेडोला, ओहायोत. अण्णांना हे वाचून दाखवताना त्यांनी माझं डेट्रॉइट तिथल्या तिथे दुरुस्त केलं. पण पोलाद डेट्रॉइटचं असो वा जमशेदपूरचं, पाऊस भेदभाव करत नाही.

मग ठिगळं. गंजक्या पत्र्याला वेल्डिंग करणं हा सबुरीचा धंदा आहे. पातळ झालेल्या जागी ठिणगी लागली की भोक बुजण्याऐवजी मोठं होतं, म्हणून चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं. वेल्डर कापत जायचा, अण्णा "बस, बस" म्हणत जायचे, आणि तो काच वर करून विचारायचा, "साहेब, इथे लोखंड आहे की रंग आहे?" पुष्कळदा रंगच असायचा. मधल्या मालकांपैकी कोणीतरी भोकात गोणपाट कोंबून वरून लांबी भरली होती आणि सुरेख काळा हात मारला होता. त्या अज्ञात कलावंताला अण्णांनी जे शब्द वापरले ते मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते. आईने ऐकले होते, एकदा, कालव्याचं अस्तर खचलं तेव्हा.

सगळं खरवडून, चासी राखाडी स्वच्छ झाल्यावर अण्णांनी पहिला हात रेड ऑक्साइडचा द्यायला काढला. आई तांदूळ निवडत होती. "हा लाल रंग कशाचा?" अण्णांनी खुशीत सांगितलं, "लोहाच्या ऑक्साइडचा." आईचा हात थांबला. "म्हणजे फुकटचा गंज काढून विकतचा लावताय?" अण्णा समजावू लागले की हा गंज वेगळा, हा स्थिर असतो, पाणी धरत नाही, तेलात कालवलेला असतो. "गेरूही तोच ना?" "हो, मुळात तोच." "मग तुळशीसाठी आणलेला आहे की डब्यात, तोच फासा." मला यावर अण्णांकडून उत्तराची अपेक्षा होती. त्यांनी ब्रश उचलला.

वरच्या हातासाठी त्यांनी मुंबईहून एक काळा रंग मागवला, जो हवेतल्या ओलाव्याने वाळतो. असा रंग असतो. उन्हाने नव्हे, दमटपणाने घट्ट होणारा. तो शोधून काढणारा माणूस आमच्या जुलैत नक्कीच राहून गेला असावा. त्या महिन्यात आमच्याकडे टॉवेल वाळत नव्हते, चादरी वाळत नव्हत्या, मुलांच्या दप्तरांना बुरशी आली होती, आणि गोठ्याच्या छपराखाली चासी मात्र खडखडीत वाळून काचेसारखी चमकत होती. या रंगाची दुसरी खोड अशी की एकदा कातडीवर वाळला की कशानेच निघत नाही. ज्या कातडीवर बसला ती झडेल तेव्हाच तो जातो. श्रावणातल्या सत्यनारायणाला अण्णा कोपरापर्यंत काळे हात घेऊन पाटावर बसले. गुरुजींनी दोनदा "हस्तप्रक्षालन" म्हटलं, मग नाद सोडला.

आणि इथे खरी अडचण आली. चासी इतकी देखणी झाली की अण्णा बॉडी चढवेनात. आधी म्हणाले, रंग मुरू दे. मग म्हणाले, बुश बदलू. मग नुसतंच "बघू". मला कारण कळलं होतं. बॉडी चढली की ही सगळी मेहनत झाकली जाणार. ज्याला दार, बॉनेट, सीट यांची हौस असते त्याचं काम रस्त्यावरून जाणारा कोणीही बघतो. चासीवाल्याचं काम फक्त कुत्र्यांना दिसतं.

आणखी एक पर्याय अण्णांनी चाचपून पाहिला होता. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देणारा केंद्राचा नियम आला, तोही जुलै २०२१ मधलाच. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. "म्हणजे पेट्रोल भरायला जाता येईल," अण्णा म्हणाले. "आणि भाजीला?" आईने विचारलं. शिवाय चासीत बदल झालेला नसावा अशी अट. ठिगळ हा बदल की उपचार, यावर अण्णांनी दोन पानी टिपण लिहिलं. ते कुठे पाठवायचं हे न कळल्यामुळे फ्रीजवर चिकटवलं. शेवटी साधं नूतनीकरणच करायचं ठरलं, आणि त्यासाठी गाडी पूर्ण, बॉडीसकट, दाखवावी लागते. कोंबडीची पिल्लं तोवर हिंडूफिरू लागली होती. बॉडी चढली.

तपासणीच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. त्यांच्या उत्साहाचं कारण मला वाटेत समजलं. या देशात चासी बघण्यासाठी सरकार पगार देऊन माणूस ठेवतं, आणि आज तो भेटणार होता! साहेब आले, त्यांनी दिवे बघितले, हॉर्न ऐकला आणि म्हणाले, "चासी नंबर दाखवा." अण्णांनी सतरंजी अंथरली. साहेब झोपले नाहीत, त्यांनी मदतनिसाला पाठवलं. तो कागद आणि पेन्सिल घेऊन आत गेला, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, पुन्हा घासली. कागद कोराच. आत ठोकलेले आकडे त्या काचेसारख्या काळ्या रंगाने काठोकाठ भरून गेले होते.

"साहेब, नंबर रंगात बुडालाय."

"खरवड," साहेब म्हणाले.

मदतनिसाने पॉलिश पेपर काढला. अण्णा जीपखाली त्याच्या शेजारी आडवे झाले आणि किती खरवडायचं, कुठे थांबायचं, हे सांगत राहिले. दहा मिनिटांनी नंबर उमटला, कागद वर आला, सही झाली.

परत येताना जीप अण्णांनीच चालवली, पण घरी पोचेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. जेवताना मात्र म्हणाले, नंबरापाशी चार बोटं पत्रा उघडा पडलाय, आजच हात द्यायला हवा, नाहीतर तिथूनच गंज धरेल. मी म्हटलं, ब्रश घेऊन आडवा होतो, पाच मिनिटांचं काम आहे.

"खालून नीट बसत नाही रे तो," अण्णा म्हणाले. "बॉडी उतरवावी लागेल."

आईने आमटी वाढली आणि विचारलं, "कोणत्या दिवाळीपर्यंत?"