साडूभाऊ टेलला जातात

आखातात राहणारे नातेवाईक एरवी निरुपद्रवी असतात. येताना खजूर आणतात, बदाम आणतात, पुण्याच्या उकाड्याला नावं ठेवतात (मस्कतला जणू थंडीने दात वाजतात) आणि परत जातात. आमचे साडूभाऊही बरीच वर्षं असेच होते. पण मध्यंतरी त्यांना डोंगरातली जुनी गावं पाहायचा नाद लागला आणि आमच्या घरातली शांतता गेली.

त्यांचं लाडकं गाव म्हणजे ओमानमधलं मिस्फात अल अब्रियीन. हे नाव साडूभाऊ घशाच्या इतक्या खोलातून काढतात की ऐकणारा आधी पाण्याचा पेला पुढे करतो. हजर पर्वताच्या उतारावर दगडमातीची घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या खजुराच्या बागा आणि मधून खळखळत जाणारा दगडी पाट. त्याला तिकडे फलज म्हणतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दिवसा सावली मोजायची, रात्री तारे बघायचे आणि वेळ झाली की मुकाट्याने पाणी शेजाऱ्याच्या बागेकडे वळवायचं. अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत बसवलं. गावातून वर डोंगरात जाणारी पायवाटही आहे. दगडांवर रंगीत पट्टे मारून आखलेली, म्हणजे चुकायची सोयच नाही.

साडूभाऊ फोटो दाखवत. प्रत्येक फोटोत पाणी आणि पाण्याच्या पुढे साडूभाऊ. "आपल्याकडे असं काही नाही हो," असं म्हणून शेवटी ते सुस्कारा टाकत. परदेशात राहणारा माणूस 'आपल्याकडे' म्हणतो तेव्हा त्यात तो स्वतःला धरत नसतो.

हा सुस्कारा मी बरेच दिवस गिळला. मग एका रविवारी, मटण अंगावर आलेलं असताना, बोलून गेलो, "आमच्या शिरूर तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वीचा कालवा आहे."

"शिरूर? ते रांजणगावच्या गणपतीचं?"

"तेच. पण कालवा गणपतीच्या आधीचा."

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मटणाचा पुढचा वाढा मी मागितलाच नाही.

साडूभाऊंचाही दोष नाही. डोंगर म्हटलं की पुणेकर पश्चिमेला तोंड करून उभा राहतो. राजगड, तोरणा, भीमाशंकर, संपला जिल्हा. पूर्वेकडे शिरूरला एमआयडीसी आणि दौंडला रेल्वे. दौंडला गाडी बराच वेळ थांबायची ती इंजिन पुढचं काढून मागे लावायला. प्रवाशाने खाली उतरून काही पाहावं अशी रेल्वेचीही अपेक्षा नसे. आमच्या घोड नदीला डोंगर आहे, नाही असं नाही. पण तो वर आंबेगाव तालुक्यात. आमच्यापर्यंत फक्त पाणी येतं आणि तेही डिंभ्याच्या धरणात एक मुक्काम, चिंचणीच्या धरणात दुसरा मुक्काम, असं पाहुणचार घेत घेत.

याच घोडेच्या उजव्या काठावर इनामगाव. तिथलं पांढरीचं टेकाड डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी, १९६८ ते १९८३ या काळात टप्प्याटप्प्याने खणलं. आत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेलं गाव निघालं. शंभरावर घरं, कुंभाराची भट्टी, प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर आणि त्याला खेटूनच धान्याचं कोठार. (कोठार पुढाऱ्याच्या घराला खेटून असण्याची चाल किती जुनी आहे, याचा हा पुरावा म्हणायला हरकत नाही.) आणि पुराचं पाणी वळवून घ्यायला खणलेला कालवा, सुमारे चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, शेजारी दगडमातीचा बांध. गावकरी सातू, गहू, मसूर, वाटाणा आणि हुलगे पिकवत होते.

"साडेतीन मीटर खोल?" साडूभाऊंनी विचारलं. त्यांचा फलज फोटोत पोटरीला लागत होता. पहिली कुस्ती मी मारली.

इनामगाव पाहायला निघायच्या सकाळी ते आले ते जबल शम्स चढायच्या बेताने. घोट्यापर्यंतचे बूट, मानेवर पडदा सोडलेली टोपी, कपाळावर बॅटरी, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी आणि दोन्ही हातांत घडीच्या काठ्या. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही इतका वेळ उभे होतो की पिशवीतलं निम्मं पाणी तिथेच संपलं. शिक्रापूरला वळलो, तळेगाव ढमढेरे गेलं, न्हावरे आलं. दोन्ही बाजूंनी ऊस.

"डोंगर कधी लागतो?"

"लागेल."

न्हावऱ्याच्या पुढे माझ्या मामाची वस्ती. मामाने आधी बूट पाहिले, मग काठ्या पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "पाव्हण्यांच्या पायाला काय झालंय?"

"काही नाही मामा. चालायला आलेत."

"चालायला? कुठं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही टेकाडावर गेलो. साडूभाऊंनी काठ्या उघडल्या, लांबी बेतली, पट्टे मनगटात अडकवले आणि चढाई सुरू केली. ती लगेच संपली. चढलेली उंची दाखवणारं त्यांचं घड्याळ शून्यावरून हललं नाही. माथ्यावर वेड्या बाभळी, पायाखाली पांढरी माती, चहूकडे ऊस आणि पलीकडे नदी.

"कालवा?"

"आहे ना. खाली."

"खाली म्हणजे नदीकडे?"

"खाली म्हणजे मातीखाली. उत्खनन झालं, मापं घेतली, चर बुजवले. तशीच पद्धत असते."

"आणि त्या वस्तू?"

"डेक्कन कॉलेजात."

"ते कुठे आलं?"

"येरवड्याला."

साडूभाऊंचा पुण्यातला फ्लॅट विश्रांतवाडीला आहे. ते बराच वेळ नळी तोंडात धरून उभे राहिले. नळीत पाणी नव्हतं.

लाज राखली ती मामाने. सरीतून त्याने एक खापर उचललं, धोतराला पुसलं आणि साडूभाऊंच्या तळहातावर ठेवलं. अर्ध्या पोळीएवढं, नारिंगी तांबडं, काठाशी काळ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये तिरक्या रेघांची जाळी. एक रेघ शेवटी जरा ढळलेली. "वाजवा," मामा म्हणाला. साडूभाऊंनी नखाने टिचकी मारली, तर कपबशीचा निघावा तसा आवाज. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून या भांड्यांना नाव पडलंय आणि अस्सल जोर्वे ओळखायची ती टणक भाजणीच्या या खणखणीत आवाजावरूनच. साडूभाऊंनी पाच-सहा वेळा वाजवलं. मग खापर खिशाकडे निघालं तेव्हा मामाने ते हळूच काढून घेतलं आणि होतं त्याच सरीत ठेवलं.

तेवढ्यात मी पाहुण्यांची करमणूक म्हणून इनामगावच्या दफनांची माहिती दिली. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडं एकमेकांना लावून त्यात पुरत. मोठ्या माणसांना घरातच, जमिनीखाली, पण घोट्याखालचे पाय तोडून. मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये म्हणून असावं, असा तज्ज्ञांचा अंदाज. पदभ्रमणाला इतका सक्त विरोध करणारं गाव जगात दुसरं नसेल. अपवाद एका वजनदार असामीचा. चार पायांचा, पोटाच्या आकाराचा मातीचा रांजण होता, त्यात ते गृहस्थ मांडी घालून बसलेले आणि त्यांचे पाय मात्र शाबूत. साडूभाऊ आपल्या बुटांकडे बघत टेकाड उतरले. उतरताना काठ्या वापरल्या नाहीत.

दुपारी मामीने हुलग्याची शेंगोळी केली. घोडेच्या काठावर हुलगा तीन हजार वर्षं शिजतोय, हे मी सांगितल्यावर मामी म्हणाली, "मग आणखी घ्या." साडूभाऊंनी घेतली, परत घेतली आणि पुराणवस्तूंमध्ये आपल्याला हीच खरी आवडली असं जाहीर केलं. मग सुस्तावून म्हणाले, "सगळं ठीक आहे मामा, पण चालणं काही झालं नाही."

"चालायचंय?" मामा म्हणाला. "मग राती चला की. आवर्तन सुटलंय. आज आपली पाळी हाय."

मामाचं रान चारीच्या टेलला. कालव्याच्या हेडला जो राहतो त्याला पाणी मिळतं, मधे राहतो त्याला कधी मिळतं, आणि टेलला राहतो त्याला अर्ज करायला मिळतं. इनामगावच्या कालव्यालाही टेल असणारच. उत्खननात तिथल्या माणसांचे अर्ज सापडले नाहीत, कारण लिपी नव्हती.

मध्यरात्र उलटल्यावर मामाने हाक मारली. चारीच्या भरावावरून वरच्या अंगाला चालत जायचं आणि पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं. पुढे मामा, खांद्यावर खोरं आणि हातात बॅटरी. मधे साडूभाऊ, काठ्या टेकत. शेवटी मी, कारण मधली जागा भरली होती. एका बाजूला चारी, दुसऱ्या बाजूला ऊस.

"मोठ्यानं बोलत चला पाव्हणं. उसात बिबट्या असतो."

"कुठल्या उसात?"

"त्ये त्यालाच ठावं."

साडूभाऊ मोठ्याने बोलू लागले. भीतीने माणसाला ओमान आठवतो हे मला त्या रात्री कळलं. फलज, सावल्या, तारे, पाळ्या, सगळं त्यांनी उसाला ओरडून सांगितलं. मामा थांबला.

"म्हंजी तारं बघून पाणी सोडत्यात? आपणहून?"

"हो."

"शेजाऱ्याला?"

"हो."

मामा वर बघून विचारात पडला. "आन् ढग आलं तर?"

यावर साडूभाऊंकडे युनेस्कोचं उत्तर नव्हतं. आमची पायवाट मात्र त्यांच्या पायवाटेपेक्षा कठीण निघाली. पट्टे मारलेला एकही दगड नाही, बुटांना किलोकिलो काळी माती, आणि वाट दाखवणारा मामा मधेच अंधारात उडी टाकून नाहीसा होई. तो कोणाचं तरी फोडलेलं दारं गोणपाटाने बुजवत असे.

अशाच एका दाऱ्यावर त्याने साडूभाऊंना उभं केलं. "हितनं हलू नका. मी म्होरलं बघून येतो. कोणी आलं तर कायबी बोला." मी मामाबरोबर गेलो. परत आलो तेव्हा साडूभाऊंभोवती चारपाच माणसं अदबीने उभी होती. कपाळावरची बॅटरी, मानेवरचा पडदा आणि मोजमापाच्या असाव्यात अशा दोन काठ्या पाहून रात्री अचानक तपासणीला साहेब आले, असा समज वरच्या अंगाला पसरला होता.

"साहेब, आमची दोन एकर राहिलीत."

"हं," साडूभाऊ म्हणाले.

"साहेब, ते मधलं दारं आम्ही नाही फोडलं."

"बघतो," साडूभाऊ म्हणाले, आणि काठीने पाण्यात जरा ढवळलं. इतक्या वर्षांच्या मस्कतच्या नोकरीत त्यांना असा मान मिळाला नसावा. मंडळी जाताना आपापली दारं स्वतःच्या हातांनी बुजवत गेली. उजाडायच्या आत मामाच्या उसात पाणी शिरलं आणि टेलला शेवटच्या सरीपर्यंत पोचलं. मामाने काठ्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या. "केवढ्याला पडल्या?" आता आवाजात आदर होता.

पाळी संपली म्हणून मामाही आमच्याबरोबर निघाला. भुलेश्वर करून तुम्ही मला परत सोडा, म्हणाला. पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगाव, चौफुला, मग सोलापूर रस्त्याने यवत. वाटेत खडकवासल्याहून निघून इंदापूरकडे जाणारा मुठेचा उजवा कालवा काठोकाठ वाहत होता. तो मामाने मान वळवून दिसेनासा होईपर्यंत पाहिला. पायवाटांचा विषय निघालाच होता, म्हणून मी साडूभाऊंना सांगितलं की दर वर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर लाखो माणसं याच तालुक्यातून पंढरपूरला चालत जातात, यवतला पिठलं-भाकरी खाऊन. दगडावर पट्टा कोणी मारत नाही आणि चुकतही कोणी नाही. साडूभाऊ पाय पसरून घोरत होते.

भुलेश्वरचा डोंगर तसा पुरंदर तालुक्यातला, पण चढ यवतकडून. अखेर डोंगर लागला, तेव्हा साडूभाऊ गाडीतून उतरेनात. आम्ही देवळाच्या पायरीपर्यंत गाडी नेली. यादवांच्या काळातलं शिल्प, स्त्रीवेषातला गणपती, सतराव्या शतकात मुरार जगदेवाने भोवती उभारलेल्या दौलतमंगळ गडाचे अवशेष, सगळं त्यांनी लंगडत पाहिलं आणि मनापासून पाहिलं. पण इथली मोठी ख्याती पेढ्यांची. पिंडीखालच्या खळग्यात पेढ्यांचं ताट ठेवतात आणि काढताना त्यातले एक-दोन कमी भरतात, असं लोक सांगतात. देव खातो म्हणणारे आहेत, उंदीर खातो म्हणणारेही आहेत. आम्ही पाच ठेवले. ताट बाहेर आलं तेव्हा त्यात चार होते.

"वीस टक्के गळती," साडूभाऊ सवयीने म्हणाले.

"पाचातलं चार माघारी?" मामाने पेढे पुन्हा मोजले, मग पुजाऱ्याकडे वळला. "महाराज, हितला पाटकरी कोण हाय? त्याची बदली आमच्या चारीवर करता येईल का बघा."