चंद्राकडे डबा पाठवताना : सावलीकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

आपल्या भागाला रॉकेटचा अनुभव नाही, असे कोणी म्हणू नये. 2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास शेजारच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचे कडे पडले, सुमारे तीन मीटर व्यासाचे. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. म्हणजे उतरण्याचा सराव झाला, चढण्याचे तेवढे राहिले.

साहित्य
एक डबा. त्याला क्यूबसॅट म्हणतात. लांबी, रुंदी, उंची दहा-दहा सेंटीमीटर म्हणजे एक युनिट. दूरच्या प्रवासाला साधारण सहा युनिटांचा डबा घ्यावा, वजन चौदा किलोच्या आत. म्हणजे तांदळाच्या पंचवीस किलोच्या कट्ट्याच्या निम्म्याहून जरा जास्त. आत कॅमेरा, रेडिओ, बॅटरी, इंजिन आणि आपली हौस भरावी. हौस कधीच मावत नाही. 1936 साली गांधी सेवा संघाची बैठक सावलीत भरली, गांधीजी येऊन गेले, इथली खादी नावाजली. पण डब्याला खादी गुंडाळून भागत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पायरी 1 : आधी अंगणात चाला
पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी उडाला. वजन किलोभर. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, सुमारे दहा किलोचा. दोन्ही इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून, पृथ्वीभोवतीच फिरायला. ज्यांनी काम सुरू केले ती पोरे पास होऊन नोकरीला लागली, तेव्हा कुठे डबे उडाले. घाई असेल त्याने इथेच थांबावे.

पायरी 2 : गाडी धरा
अवजड रॉकेट तुमच्यासाठी निघत नसते. वडशाहून निघालेल्या नाटक कंपनीच्या गाडीत मागे जागा मिळावी, तसा हा प्रकार आहे. नट, पडदे, पेटी-तबला यांची सोय लागली की उरेल तो कोपरा आपला. गाडी नाटकाच्या गावाला जाणार, तुमच्या मामाच्या गावाला नाही. मधल्या फाट्यावर उतरायचे आणि पुढचे पायी.

16 नोव्हेंबर 2022 रोजी नासाचे 98 मीटर उंच एसएलएस रॉकेट आर्टेमिस-1 मोहिमेवर निघाले. नायक होता ओरायन हे यान. त्याच्या खालच्या कड्यात दहा डबे बसले होते. जागा तेरा होत्या, तिघांची तयारी वेळेत झाली नाही. गाडी थांबली नाही.

आपले एलव्हीएम3 रॉकेट सुमारे 640 टनांचे. 14 जुलै 2023 रोजी ते चंद्रयान-3 घेऊन निघाले, पण त्या फेरीला असे जोडपाहुणे नव्हते.

पायरी 3 : बॅटरी भरून ठेवा
आर्टेमिसचे डबे 2021 मध्येच चढवले होते. मग कधी हायड्रोजन गळला, कधी वादळ आले. उड्डाणाला वर्ष उलटले. मधल्या काळात काही डब्यांच्या बॅटऱ्या पुन्हा भरता आल्या, काहींच्या नाहीत. रोवणीच्या दिवसांत ज्याने रात्री दोनला उठून कृषिपंपाच्या लाइनची वाट पाहिली, त्याला ही पायरी समजावून सांगावी लागत नाही.

पायरी 4 : इंजिन साधे ठेवा
आर्टेमिसच्या दहा डब्यांपैकी जपानच्या ‘इक्युलियस’ने चक्क पाण्याची वाफ सोडून दिशा बदलली. त्यातल्याच ‘लूनाह-मॅप’ची झडप अडकली आणि चंद्राची कक्षा हुकली. विहिरीवर फूटव्हॉल्व्ह अडकला तर दोर घेऊन उतरता येते. तिथे दोर पुरत नाही.

पायरी 5 : प्रवासी निवडा
त्याच दहांतल्या ‘बायोसेंटिनेल’मध्ये यीस्ट होते. पाव फुगवणारे, दारू आंबवणारे. अवकाशातल्या किरणोत्साराने जिवंत पेशींचे काय होते, ते पाहायचे होते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. यीस्टला अवकाशबंदी नाही.

पायरी 6 : हाक मारा आणि ऐका
चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटरवर. तिथून डब्याचा आवाज ऐकायला मोठे कान लागतात. बंगळुरूजवळ ब्यालालूला इस्रोची 32 मीटर व्यासाची थाळी त्यासाठीच उभी आहे. तरीही ओ येईलच असे नाही. त्याच दहांतला ‘निआ स्काउट’ 86 चौरस मीटरचे शीड घडी घालून निघाला होता. त्याने एकदाही ओ दिली नाही. जपानचा ‘ओमोतेनाशी’ चंद्रावर उतरणार होता. तो गरगरत राहिला, सौर पॅनेलवर ऊन पडेना, बॅटरी संपली. ओमोतेनाशी म्हणजे पाहुणचार. तो राहून गेला.

नाउमेद होऊ नका. 2018 मध्ये ‘मार्को’ नावाचे दोन डबे ‘इनसाइट’ यानासोबत निघाले आणि 26 नोव्हेंबरला ते यान मंगळावर उतरत असताना त्याची खबर त्यांनीच पृथ्वीला दिली. मागे बसलेल्यांनी नाटकाचा निकाल गावाला कळवला.

खबरदारी
डबा दूर निघून जातो. गाडीचे तुकडे मात्र कुठेतरी खाली येतात. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर नुकसान झाले तर ज्या देशाने उडवले त्याने भरून द्यायचे. पण बांधीत कडे पडले तर करार वाचत बसू नका. हात लावू नका, विषारी इंधन उरलेले असू शकते. पोलीस पाटलाला सांगा, आणि पंचनाम्याआधी भंगारवाल्याला बोलावू नका.

आणि सावलीचा डबा खरोखर निघाला, तर गाडीवाल्याला भाडे विचारण्याआधी एक विचारा : तुझे रिकामे टप्पे कुठे पडणार? लाडबोरीत कोणाला इजा झाली नाही, ते नशीब होते. नशिबाला पायरी म्हणत नाहीत.