पाचवा जिन्नस

सरकारच्या लेखी मी तब्येतीसाठी पितो. तसा परवानाच आहे माझ्याकडे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्याच्या रक्षणासाठी. हा कागद मी आमच्या डॉक्टरांना दाखवला, तेव्हा ते बराच वेळ बीपीच्या यंत्राकडेच बघत राहिले.

धामणगाव रेल्वेत या कागदाची किंमत कळायला रुळांवरून पूर्वेकडे पाहावं. तळणी मागे पडलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला की पुलगाव, म्हणजे वर्धा जिल्हा. गांधीजींच्या सेवाग्रामचा म्हणून तिथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. आमचे साडभाऊ पुलगावचे. ते इकडे आले की दुकानातून एका दिवसाचा परवाना घेतात. त्यांच्या आरोग्याचा निर्णय असा रोजच्या रोज होतो.

मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मुलानं पुण्याहून कॉकटेलचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं, आणि हाताला पुन्हा काचेच्या नळकांड्याची आठवण झाली. इथं इतकं मिली, तिथं दोन थेंब, मग ढवळा: हे तर प्रॅक्टिकलच! फक्त या प्रॅक्टिकलमध्ये द्रावण चाखून बघायला परवानगी होती.

पहिली अडचण व्हर्मुथची. धामणगावात मी ज्याला शिकवलं नाही असा दुकानदार मिळणं कठीण, त्यामुळे मान खाली घालून दुकानात शिरलो. काउंटरवर नेमका दोनदा नापास केलेला पोरगा. त्यानं नाव तीनदा वदवून घेतलं आणि म्हणाला, "सर, जंताचं औषध तं बाजूच्या मेडिकलात भेटन." मी हसलो. घरी येऊन कोश उघडला, तर व्हर्मुथ हा शब्द ज्या कडू वनस्पतीच्या जर्मन नावावरून आला, ती पूर्वी जंतांवरच देत असत. त्या पोराचे दोन मार्क मी आजही देणं लागतो.

दुसरी अडचण मे महिन्याची. पारा पंचेचाळीसवर. शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, त्यात बर्फ टाकला, पुस्तकातल्या चित्रासारखा खांद्यावर धरून खुळखुळवला. झाकण बसलं ते बसलंच. सांडशी झाली, चमच्याचं टोक झालं, शेवटी मी तो डबा उंबऱ्यावर आपटणार, तेवढ्यात आमच्या हिनं तो हातातून काढून घेतला आणि झाकणावर चहाच्या भांड्यातलं गरम पाणी ओतलं. टप्प! थंडीनं आतली हवा आकसते, झाकण ओढून धरते. गरम केलं की सुटतं. चार्ल्सचा नियम मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला. तिनं तो वापरला.

मग मी चव घेण्याकडे वळलो. त्यात बर्फ लागत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की अमुक व्हिस्कीला चामड्याचा गंध, तमुक रमला ओकच्या लाकडाचा. ओकचं झाड मी पाहिलेलं नाही. म्हणून स्वतःची वही केली. स्कॉटलंडच्या बेटावरची एक व्हिस्की मुलाच्या मित्रानं दिली होती. तिच्यासाठी बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात. वहीत नोंद: "पऱ्हाटीची चूल, पहिला पाऊस, ओलं सरपण." ओल्ड मंक: "गुळाची ढेप, व्हॅनिला, मागून शाळेची सहल." एका ब्रँडीपुढे नुसतं "एसटीचं सीट" असं आहे. त्याच पानावर तिसऱ्या नमुन्यापासून अक्षर बिघडत गेलेलं दिसतं आणि मतं पक्की होत गेलेली.

बिटर्सही घरीच केले. जगप्रसिद्ध अंगोस्तुरा बिटर्स १८२४ साली एका जर्मन डॉक्टरनं व्हेनेझुएलात पोटाचं औषध म्हणून बनवले. मी चिरायता आणि संत्र्याची वाळली साल व्होडकात तीन आठवडे मुरवली. दोन थेंब पुरेत इतकं कडू. तिसरा थेंब पडला तो पेला अजून विसरलेलो नाही.

आणि मग पंच. हे मूळ इकडचंच पेय, आणि बरेच कोशकार त्याचं नावही आपल्या 'पाच'वरून लावतात: दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या १६३२ च्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. जेरी थॉमसनं १८६२ मध्ये न्यूयॉर्कला कॉकटेलचं पहिलं गाजलेलं पुस्तक काढलं, त्याची सुरुवातही पंचानंच. म्हणजे माझं जाडजूड पुस्तक फिरून आमच्याच स्वयंपाकघरात आलं. मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं, तेव्हा ही म्हणाली, "म्हंजे लिंबाचं सरबतच ना जी?"

मार्चमध्ये साडभाऊ यायचे होते. वरूडकडची मृग बहाराची संत्री बाजारात होती. मी प्रमाण लिहून दिलं: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणी. तिनं कागद डब्याखाली सरकवला. "लिंबू पाहून घाला लागते. एखांदं रसाचं असते, एखांदं नुसतं बियाचं." संत्री पिळली, साखर विरघळवली, जायफळ किसलं, चिमूटभर काळं मीठ टाकलं (हे थॉमसकडे नाही). तिनं दारूचा थेंब आयुष्यात चाखलेला नाही, पण चमच्यानं चव घेऊन मान हलवली. "झालं. आता घाला तुमचं थे, अन् नासवा."

रम मला अदमासानं ओतायची नव्हती. आत जाऊन नळकांडं ओट्यावर ठेवलं. द्रवाची पातळी वाचायची तर डोळा तिच्या रेषेत हवा, आणि वाचायचा तो खालचा बाक. एकतीस वर्षं पोरांना वाकायला लावलं, आता गुडघे टेकून मी वाकलो. थोडी जास्त झाली. काढली. थोडी कमी झाली. घातली.

नळकांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आलो, तर जग रिकामा. साडभाऊ मिशा पुसत होते. एका दिवसाचा परवाना खिशातून डोकावत होता.

"बाई," ते हिला म्हणत होते, "गाडीले टाइम हाये. आणखी एक जग होते का?" मग त्यांना मी दिसलो. "या ना सर, बसा. अन् हातातलं थे खाली ठेवा, सांडन."