किक अजून बसत नाही

बाग सेवनियात घर घेतलं तेव्हा एम्स जवळ, राणी कमलापती स्टेशन जवळ, एवढंच पाहिलं होतं. पुढे घरात संगीतकार निपजेल आणि त्याला शांतता लागेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? भोपाळ-इटारसी मार्गावरच्या गाड्यांना तर त्याचं काहीच वाटत नाही.

चिरंजीवांनी वरच्या खोलीत ‘स्टुडिओ’ थाटलाय. लॅपटॉप, माईक, हेडफोन आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हिच्या माहेरच्या गोधड्या. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद. मे महिन्यात त्या खोलीत नुसतं उभं राहणं हीच तपश्चर्या आहे. गाणं झालं नाही तरी मोक्ष मिळेल.

परवा मला वर बोलावलं. “बाबा, ही किक ऐका.” धप्. “आता ही.” धप्. “कुठली घेऊ?”

“दुसरी,” मी म्हणालो. अनुभवी नवरा साड्यांच्या दुकानात म्हणतो तसं.

“तिच्यात अडीचशे हर्ट्झला चिखल आहे!”

मग एक पट्टी जरा खाली ओढून त्याने तीच किक पुन्हा ऐकवली. धप्. “फरक कळला?” मी मान डोलावली. चिखल बहुधा माझ्याच कानात असावा. एका ढोलाच्या ठोक्यापायी अशा संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. गाण्याला चाल आहे, मुखडा आहे, अंतऱ्याचा मात्र पत्ता नाही. शिवाय स्पॉटिफाय गाण्यांचा आवाज उणे १४ लफ्सच्या आसपास आणून ठेवतं, ही काळजी आहेच. लग्न ठरलं नाही आणि हे बारशाची घुगरी भिजत घालून बसलेत.

काही बोलावं तर अजय-अतुल पुढे करतो. ‘सैराट’साठी त्यांनी हॉलिवूडमध्ये जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता म्हणे. खरंय; पण ते त्यांचं पहिलंच गाणं नव्हतं, बाळा.

मग मी गौहर जान काढली. १९०२, कलकत्ता. समोर भोंगा, फिरणारी मेणाची तबकडी आणि हातात जेमतेम तीन मिनिटं. पुसून पुन्हा गायची सोय नाही. बाई गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून मोकळ्या झाल्या.

“त्यांचा रियाज होता, बाबा.”

उत्तर बिनतोड होतं. पण रियाज गाऊन होतो, तंबोरा लावत बसून नव्हे. हे मी मनात म्हटलं, कारण तेवढ्यात मालगाडी आली.

शेवटी मार्ग काढला त्याच्या मावशीने. मुलीच्या हळदीला गाणं हवं, आणि हळद परवा! नाही म्हणायची प्राज्ञा कुणाची? पठ्ठ्याने एका रात्रीत गाणं उरकलं. किक हाताला लागली ती घेतली. दुसऱ्या कडव्यात इंजिनाचा भोंगा शिरलाय. मावशीला वाटलं, मुद्दाम घातलाय, वरातीचा. हळदीत बायकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. हा कोपऱ्यात उभा राहून ज्याला त्याला सांगत होता, “मिक्स कच्चा आहे.” ऐकायला कुणी थांबलं तर शपथ.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे मुंज, बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण काहीही असेल तर जरूर कळवा. गाणं फुकट करून मिळेल. तारीख तेवढी जवळची सांगा.