बेणं

जानेवारीतला शनिवार, सकाळचे नऊ, बाहेर शून्याखाली दोन. अशा वेळी इंग्लंडातला मराठी माणूस दोनच कारणांनी घराबाहेर पडतो. एक तर त्याला विमानतळावरून कुणाला तरी आणायचं असतं, नाहीतर तो अलॉटमेंटवाला असतो. विमानतळवाल्याची कीव करावी. अलॉटमेंटवाल्यापासून लांब राहावं, कारण तो तुमच्या हातात फावडं देतो.

मी लांब राहिलो नाही. त्यामुळे लीड्समधल्या आमच्या काकांची खोलवर ओळख झाली. साधारण दीड फूट खोल.

अलॉटमेंट म्हणजे नगरपालिकेनं भाड्यानं दिलेला जमिनीचा तुकडा. लोकांनी मागणी केली की अशी जमीन पुरवायची, हे बंधन १९०८ च्या कायद्यानं तिथल्या पालिकांवर टाकलेलं आहे. पूर्ण तुकडा दहा ‘पोल’चा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबात अडीच गुंठे. रत्नागिरीकडे काकांच्या वाट्याची चार एकर हापूसची कलमं भावकीच्या वादात अडकून पडली आहेत. तिकडे ते तीस वर्षांत फिरकलेले नाहीत. पण या अडीच गुंठ्यांसाठी त्यांनी सहा वर्षं प्रतीक्षायादीत काढली आणि नंबर लागल्यावर पेढे वाटले.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि वेळेवर जागं केलं. त्यांची सगळी शेती याच तत्त्वावर चालते. रास्पबेरी, काळे करंट, गूजबेरी यांची रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात कुंडीशिवाय, मातीशिवाय, नुसत्या उघड्या मुळांनिशी विकायला येतात. पानं गळालेली असतात, रस मंदावलेला असतो, झाड गाढ झोपेत असतं. “हीच वेळ रे!” काका माकडटोपीतून बोलतात. “झोपेत उचलायचं, झोपेत लावायचं. एप्रिलमध्ये पेशंट जागा होतो तेव्हा त्याला वाटतं, आपण इथेच होतो.”

पेशंट बघून मात्र माझा धीर सुटला. कागदात गुंडाळलेल्या दहा काटक्या. ना पान, ना हिरवेपणाचा मागमूस. असंच एक पार्सल पूर्वी त्यांच्या मुलाच्या वास्तुशांतीच्या दिवशी आलं होतं आणि कुणीतरी ते होमापाशी ठेवलं. गुरुजी खूश झाले. समिधा फार सरळ आहेत म्हणाले आणि ‘स्वाहा’ म्हणून एक घातलीसुद्धा. दुसरी उचलेपर्यंत काका सोवळ्यातच धावले. ती वाचली. तिला ते अजून ‘यज्ञातली’ म्हणतात आणि वाटेत तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबतात.

लावणीचे नियम ऑपरेशन थिएटरचे. मुळं आधी तासभर बादलीत भिजवायची, वाऱ्यावर क्षणभरही उघडी ठेवायची नाहीत. रास्पबेरीची दोन काड्यांमधली जागा ४५ सेंटिमीटर. मी पावलानं मोजायला गेलो तेव्हा काकांनी खिशातून टेप काढली. मग लावलेली काडी जमिनीपासून वीतभर ठेवून वरची छाटायची. करंटचा न्याय त्याहून कडक: आधी होतं त्याच्यापेक्षा दोन इंच खोल गाडायचं आणि वर एखाद-दुसरा डोळा ठेवून सगळं कापून टाकायचं. पैसे देऊन आणलेलं झाड असं भुईसपाट करताना माझे हात थरथरले. काकांचे नाही. “बुडातून नवे फुटवे यायला हवेत ना? या वर्षी फळ मागायचंच नाही.”

त्यांना थंडीचा राग येत नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं. उलट डिसेंबर ऊबदार गेला की ते अस्वस्थ होतात. करंटला हिवाळ्यात भरपूर गारठा मिळाला नाही तर त्याचे डोळे धड फुटत नाहीत. “लहानपणी आमचे अण्णा रात्री अंगणात उभे राहून हेच बघायचे,” ते एकदा म्हणाले. “थंडी पडली तर मोहोर, नाहीतर कर्ज.” एवढं बोलून ते बराच वेळ बुटाचा चिखल काढत राहिले. त्या चार एकरांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

करंटच्या बऱ्याच जातींची नावं स्कॉटलंडातल्या डोंगरांवरून ठेवलेली आहेत: बेन लोमंड, बेन नेव्हिस, बेन मोर. एकदा काकू स्वयंपाकघरात असताना बाहेरून काकांचं फोनवरचं वाक्य ऐकू आलं, “बेन तीन हव्यात, पण तरुण पाहिजेत. म्हाताऱ्या नकोत.” काकूंना शेजारच्या गुजराती मंडळींतल्या यच्चयावत बेन आठवल्या. आता त्यांना कशाचंच काही वाटत नाही. काकांविषयी विचारलं की म्हणतात, “लावायला गेलंय बेणं.” यात कुठलं बेणं, ते त्या सांगत नाहीत.

शेजारचा प्लॉट एका यॉर्कशायरी म्हाताऱ्याचा. दोघांच्यात गेल्या दहा वर्षांत झालेलं संभाषण माझ्या मते पानभर भरेल. “गार आहे.” “आहे.” “बुलफिंच आले.” हा गोंडस पक्षी हिवाळ्यात गूजबेरीच्या कळ्या टिपून खातो, त्याचं नाव निघालं की दोघेही शिवी दिल्यासारखं खाकरतात. म्हाताऱ्याचं स्वप्न एग्टन ब्रिजचं आहे. तिथे १८०० सालापासून गूजबेरीचं प्रदर्शन भरतं आणि एकेक फळ सोनाराच्या काळजीनं तोलतात. २०१९ साली तिथलं एक फळ ६४.८३ ग्रॅम भरलं. काकांना स्पर्धेत रस नाही. त्यांच्या गूजबेरीचं काकू मोहरी फेसून लोणचं घालतात आणि ते आवळ्याच्या लोणच्याच्या तोंडात मारेल असं असतं. इंग्रजीत आवळ्यालाही गूजबेरी म्हणतात, पण दोघांचं नातं काही नाही. काकूंना ते मान्य नाही.

परवा संक्रांतीला फोन केला. काकू म्हणाल्या, ते बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताहेत.

“गाडी गॅरेजमध्ये नाही?”

“गॅरेजमध्ये काटक्या आहेत. जमीन गोठलीय, लावता येत नाही म्हणून ओल्या मातीत पुरून ठेवल्यात. तिथे दिवा लावायचा नाही, जोरात बोलायचं नाही.”

काका फोनवर आले, दात वाजत होते. तिळगूळ घ्या, गोड बोला, असं मी म्हणालो.

“हळू बोल,” ते म्हणाले.